हमीभावाची वाट की विम्याचा हप्ता? सोयाबीनवाल्यानं कशावर भिस्त ठेवावी

जुलै उजाडला की पारावर एकच विषय असतो. विमा भरायचा की सोडून द्यायचा? "माल हमीभावानं घालायचाय, मग विम्याचे पैसे कशाला?" असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "हमीभाव कुणाला मिळालाय? विमा तरी कधीमधी येतो." दोघांचंही अर्धं खरं आहे.

खरीप २०२३ ते रब्बी २०२४-२५ या काळात हा प्रश्न पडतच नव्हता. एक रुपयात विमा निघायचा, म्हणून सगळे काढून ठेवायचे. खरीप २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता खरिपाच्या पिकांना विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याच्या खिशातून जातो. खिशात हात घालायचा म्हटल्यावर हिशेब मांडावाच लागतो. तो मी इथं सोयाबीन धरून मांडतोय, कारण मराठवाडा-विदर्भात जास्तीत जास्त घरांचा प्रश्न तोच आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हमीभाव पोत्यात आलेल्या मालासाठी आहे आणि विमा पोत्यात न आलेल्या मालासाठी. पीक चांगलं आलं, आवक वाढली, बाजार पडला, तर विमा कंपनी एक पैसा देणार नाही. भाव पडणं हा तिच्या लेखी धोकाच नाही. उलट पावसानं महिनाभर ओढ दिली आणि शेंगा भरल्याच नाहीत, तर हमीभाव कितीही मोठा असला तरी सरकारी खरेदी केंद्रावर न्यायला माल कुठून आणणार? म्हणून "हे की ते" असा प्रश्न विचारण्यापेक्षा आपल्या रानाला कोणता धोका जास्त आहे, भावाचा की पिकाचा, हे आधी बघावं.

हमीभावाचा हिशेब

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. आदल्या वर्षी तो ४,८९२ होता आणि त्या हंगामात बाजार समित्यांत भाव बराच काळ चार-साडेचार हजारांत घुटमळत राहिला. समजा, बाजारात ४,३०० मिळतायत. फरक झाला १,०२८ रुपयांचा. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर एकरामागे ६,१६८ रुपये. ही रक्कम छोटी नाही. पाच एकरवाल्याला तीस हजारांच्या वर फरक पडतो, आणि त्यासाठी हप्ता काहीच नाही.

हप्ता नाही, पण अटी आहेत. माल एफएक्यू दर्जाचा लागतो. म्हणजे माती-काडी नको, डागी आणि फुटका दाणा ठरलेल्या मर्यादेत आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. ती त्या हंगामापुरती सवलत होती, हक्क म्हणून धरू नका. ऑनलाइन नोंदणी करायची, एसएमएस यायची वाट बघायची, मग टेम्पो ठरवून केंद्रावर जायचं, तिथं चाळणी, काटा, बारदान्याची टंचाई. हेक्टरी किती क्विंटल घ्यायचे याची जिल्हावार मर्यादा असते. तुमचा उतारा त्याहून जास्त असेल तर वरचा माल बाजारातच घालावा लागतो.

शिवाय हमीभाव हा कायद्यानं दिलेला हक्क नाही. सरकार ठरवेल तेवढा माल, ठरवेल त्या तारखेपर्यंत घेतला जातो. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात ११ लाख टनांहून जास्त सोयाबीन खरेदी झालं. राज्यासाठी एवढी खरेदी मोठीच होती, तरीही नोंदणी करून ताटकळलेले शेतकरी खरेदी बंद होताना शिल्लक राहिले. एवढ्या लोकांनी घरात पोती रचून ठेवली आणि शेवटी व्यापाऱ्याच्या दारात गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची आहे. २०२५ मध्ये सोयाबीनची खरेदी १५ नोव्हेंबरला सुरू झाली. दिवाळी ऑक्टोबरातच होऊन गेली होती. कृषी सेवा केंद्राची उधारी, मळणीवाल्याचे पैसे, हरभऱ्याचं बियाणं, पोरांचे कपडे, हे सगळं दिवाळीच्या आत लागतं. ज्याच्या घरात महिना-दीड महिना माल ठेवायची ताकद आहे, हमीभाव खरं तर त्याचा. ज्याच्याकडे ती ताकद नाही, त्यानं बाजार समितीकडे शेतमाल तारण कर्जाची चौकशी करावी. पणन मंडळाच्या या योजनेत गोदामात ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळते. योजना १९९०-९१ पासून आहे, तरी गावात विचारलं तर दहांतल्या आठांना तिची गंधवार्ता नसते. सगळ्या बाजार समित्या ती राबवत नाहीत, म्हणून मळणीच्या आधीच विचारून ठेवा.

विम्याचा हिशेब

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. तिचं गणित एकदा डोक्यात बसलं की अर्धा गैरसमज जातो. भरपाई तुमच्या शेतावर ठरत नाही, महसूल मंडळावर, म्हणजे आसपासच्या गावांच्या महसुली गटावर ठरते. मंडळात पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे काही शेतांत ठरावीक तुकड्यातलं पीक कापून मोजतात, त्यातून त्या वर्षीचं सरासरी उत्पादन निघतं. सोयाबीनसारख्या पिकात आता उपग्रहाच्या आधारे काढलेल्या अंदाजालाही त्यात वाटा आहे. ही सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली, तरच पैसे.

उंबरठा उत्पादन म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिच्या ७० टक्के धरायचे. समजा, मंडळाची ही सरासरी हेक्टरी १५ क्विंटल आहे. उंबरठा झाला साडेदहा. यंदा मंडळात ८.४ क्विंटल उतरलं. तूट २.१ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर भरपाई १०,००० रुपये, एकरी ४,०००. त्यासाठी हप्ता भरला हेक्टरी हजार, एकरी ४०० रुपये.

आता याच गणिताची दुसरी बाजू बघा. मंडळात १०.६ क्विंटल उतरलं तर भरपाई शून्य. पंधरावरून साडेदहापर्यंतची घसरण, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा पीक, पूर्ण तुमच्या अंगावर. आणि मंडळ वाचलं पण तुमचंच शेत ओढ्याकाठी खरडून गेलं, तरी शून्यच.

पूर्वी असं नव्हतं. ढगफुटी झाली, पाणी साचलं, गारपीट झाली की ७२ तासांत कळवायचं आणि तुमच्या शेताचा पंचनामा व्हायचा. पेरणीच झाली नाही, हंगामाच्या मध्येच पीक गेलं, कापून ठेवलेलं भिजलं, यांनाही संरक्षण होतं. खरीप २०२५ साठी राज्यानं योजना सुधारली तेव्हा हे सगळं वगळलं आणि फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवली. माझ्या मते रुपयाचा विमा गेला त्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे, पण बोललं गेलं रुपयाबद्दलच. योजनेत पुढं काय बदलतं हे त्या-त्या हंगामाच्या शासन निर्णयात येतं. हप्ता भरण्याआधी तो कृषी सहायकाकडून समजून घ्या, "मागच्या वर्षी होतं" यावर जाऊ नका.

दोन्हींच्या मधली फट

सोयाबीन कापून शेतात पडलंय, नाहीतर सुडी लावून ठेवलीय, आणि परतीचा पाऊस चार दिवस हलायला तयार नाही. दाणा काळा पडतो, कोंब फुटतात. कापणी प्रयोगात उत्पादन नोंदवून झालेलं असेल तर विम्याच्या हिशेबी मंडळात पीक आलेलं आहे. आणि हा डागी माल घेऊन केंद्रावर गेलात तर तो एफएक्यूत बसत नाही. विमा म्हणतो पीक आलंय, केंद्र म्हणतं हे पीक चालणार नाही. शेतकऱ्याच्या हाती दोन्हीकडून काहीच लागत नाही. दोन्ही योजनांच्या बाजूनं बोलणाऱ्यानं या माणसाला काय सांगायचं, हे आधी ठरवावं. सध्या हाताशी उपाय एवढाच, की ताडपत्रीवर आणि मळणी लवकर उरकण्यावर केलेला खर्च विम्याच्या हप्त्याइतकाच महत्त्वाचा धरायचा. माल वाळवून, चाळून १२ टक्क्यांच्या आत आणला, तरच हमीभावाचा फरक हातात येतो.

अतिवृष्टीची सरकारी मदत हा तिसराच प्रकार. ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर पंचनाम्यावरून कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, हे २०२५-२६ पर्यंतचे आपत्ती निधीचे दर आहेत. मोठ्या आपत्तीत राज्य त्यात भर घालतं, २०२५ च्या पुरानंतर घातलीही. ती विम्याची भरपाई नाही. एक मिळाली म्हणून दुसरी आली असं समजून चौकशी सोडू नका.

मग कुणी काय धरावं

रान हलकं, मुरमाड, विहीर नाही, सगळी भिस्त पावसावर: विमा काढाच. पावसाची ओढ एका शेतापुरती पडत नाही, अख्ख्या मंडळावर पडते, आणि मंडळावर चालणारा विमा अशाच वर्षी कामाला येतो. त्या वर्षी एकरी दोन क्विंटल हाती आलं, तर हमीभावाचा फरक दोन हजारांच्या आसपासच राहतो. म्हणजे पीक जेवढं बुडेल तेवढा हमीभावाचा आधारही आटत जातो.

काळी भारी जमीन, एक-दोन संरक्षित पाणी द्यायची सोय, उतारा मंडळापेक्षा वर: तुमचा खरा शत्रू भाव आहे. जोर नोंदणीवर, साठवणीवर, मालाच्या प्रतीवर द्या. विमा तरीही काढायला हरकत नाही. मंडळ उंबरठ्याखाली गेलं आणि तुमचं पीक वाचलं, तरी नियमानं भरपाई तुम्हालाही मिळते. पण हात आखडता घ्यायचाच असेल तर तो घेण्याची मुभा तुम्हाला आहे, कोरडवाहूवाल्याला नाही.

नदीकाठची, चिबडणारी जमीन असेल तर आजच्या स्वरूपातल्या विम्यावर विसंबू नका. शेजारच्या गावात पीक उभं असेल तर तुमचं पाण्याखाली गेलेलं रान सरासरीत दिसतच नाही. हप्ता भरा वा न भरा, चर काढण्याचं काम आधी करा आणि नुकसान झालं की तलाठ्याच्या पंचनाम्यात नाव घालून घ्या.

बटईनं किंवा ठोक्यानं करणाऱ्याची दोन्हीकडे कोंडी आहे. विम्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, खरेदी केंद्रावर सातबारावरचं नाव. तोंडी व्यवहारात दोन्हींचा लाभ मालकाच्या खात्यात जातो. पेरणीच्या आधी निदान हे तरी मालकाशी बोलून ठरवा.

कापूसवाल्यांसाठी थोडक्यात: २०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये. सीसीआयची, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाची नोंदणी आता 'कपास किसान' ॲपवर होते. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर माल घेत नाहीत. कांद्याला हमीभावच नाही, तिथं निवडीचा प्रश्न उरत नाही.

दोन्हीकडे एकच कागद आडवा येतो, तो म्हणजे ई-पीक पाहणी, शेतात काय पेरलंय याची मोबाइलवरून केलेली सरकारी नोंद. विम्यात सोयाबीन आणि पाहणीत तूर असेल तर विमा अडकतो. पाहणीच केली नसेल तर केंद्रावरची नोंदणी अडकते. फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवा. सामायिक सुविधा केंद्रात विमा भरताना हप्त्याशिवाय वर पैसे देऊ नका, अर्जामागचे ४० रुपये केंद्रचालकाला विमा कंपनी देते.

खरिपाच्या विम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपते. पीककर्ज घेतलं असेल आणि विमा नको असेल, तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेत तसं लिहून द्यावं लागतं, नाहीतर हप्ता आपोआप कापला जातो. त्याआधी कृषी सहायकाला एकच आकडा विचारा: आपल्या मंडळाचं सोयाबीनचं उंबरठा उत्पादन किती? मागच्या पाच-सात वर्षांत मंडळ किती वेळा त्याच्या खाली गेलं, आणि त्या वर्षी तुमच्या रानात किती पोती झाली होती, हे घरातल्या वहीत बघा. मंडळाची वाईट वर्षं आणि तुमच्या रानाची वाईट वर्षं जुळत असतील तर हप्ता भरा.