क्वारी बँक मिल, स्टायल (मँचेस्टरजवळ): कारखाना कसा जन्माला आला ते बघायचं असेल तर इथे जाच

मँचेस्टरला कामासाठी नाहीतर मुलांकडे म्हणून येणारे आपले लोक स्टेडियम बघतात, शॉपिंग करतात आणि परत जातात. त्यांना मनापासून सांगतो, एक अख्खा दिवस या गिरणीसाठी ठेवा. विमानतळापासून अगदी जवळ आहे, चेशायरमधल्या स्टायल गावात बॉलिन नदीच्या काठी. सॅम्युअल ग्रेगने 1784 साली ही सूतगिरणी काढली, 1939 मध्ये त्याच्याच घराण्यातल्या वारसाने ती नॅशनल ट्रस्टला (जुन्या वास्तू जपणारी तिकडची संस्था) देऊन टाकली आणि आज ते लोक ती चालवतात. चालवतात म्हणजे खरंच चालवतात, मशीन सुरू करून दाखवतात, नुसत्या पाट्या वाचत फिरायचं नाही.

सुरुवात हाताने सूत काढण्यापासून होते. चरख्यावर बसलेली बाई पेळूतून (पिंजलेल्या कापसाच्या वळीतून) धागा ओढते, एका वेळी एकच धागा, आणि बघता बघता आपल्याला कळतं की एका विणकराला पुरेल इतकं सूत काढायला घरातल्या किती बायकापोरांना दिवसभर राबावं लागत असेल. त्यात 1733 मध्ये जॉन के ने उडता धोटा (मागावर आडवा धागा झटक्यात पलीकडे नेणारा) आणला, विणकाम झपाट्याने व्हायला लागलं आणि सूत आणखीनच कमी पडायला लागलं. मग सूत काढायची नवी यंत्रं आली: एका वेळी बरेच धागे काढणारी हारग्रीव्ह्जची जेनी आली, 1769 मध्ये आर्कराइटची पाण्यावर चालणारी वॉटर फ्रेम आली, 1779 मध्ये क्रॉम्प्टनचं म्यूल आलं. जेनी घरात मावायची, वॉटर फ्रेमला मात्र नदी लागते, मोठं चाक लागतं, चाकावरून मजल्यामजल्याला शाफ्ट (चाकाची गती मशिनांना देणारे फिरते दांडे) न्यायला इमारत लागते, आणि एकदा इमारत उभी राहिली की माणसाला घर सोडून घंटेच्या वेळेला तिथे हजर व्हावंच लागतं. माझ्या मते सगळ्या बदलाचं मूळ हेच आहे, आणि ते पुस्तकात वाचून जेवढं कळत नाही तेवढं इथे जिने चढताना कळतं.

म्यूल चालू असेल तेव्हा घाई करू नका, उभं राहून नीट बघा. चाकांवरची एक लांबलचक गाडी सगळ्या चात्यांसकट (सूत ज्यावर गुंडाळतात त्या फिरत्या काड्या) मागे सरकते, धागे ताणत आणि पिळत, आणि परत पुढे येताना तेच सूत गुंडाळून घेते, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. गाडी अशी मागेपुढे होत असताना पोरं तिच्याखाली सरपटत जाऊन सांडलेला कापूस गोळा करायची, आणि तुटलेले धागे पळत पळत सांधायची. लूमच्या (यंत्रमागांच्या) हॉलमध्ये तर थोडीच लूम चालू असतात तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पूर्वी शेकडो लूम एकदम चालायची म्हणून लँकेशायरच्या (मँचेस्टरच्या आसपासचा गिरण्यांचा भाग) कामगार बायका ओठ हलवून बोलायच्या, त्याला तिकडे मी-मॉ म्हणतात. माझे वडील लालबागला एका गिरणीत लूमखात्यात होते, घरी आल्यावर पण ते मोठ्यानेच बोलायचे, ते का हे मला त्या हॉलमध्ये अंगावर आल्यासारखं कळलं. आणि हा काही योगायोग नाही, मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅम गावातल्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची मशिनं मुंबईच्या गिरण्यांना जायची.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ॲप्रेंटिस हाऊस, गिरणीत कामाला ठेवलेल्या मुलांचं राहायचं घर. 1790 ची इमारत, साधारण 90 मुलं राहायची, बरीचशी अनाथालयं आणि वर्कहाऊसमधून (निराधार गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा) आणलेली, काही तर नऊ-दहा वर्षांची. दिवसाला बारा तास काम, त्यानंतर शाळा. पॉरिज (लापशी) इतकं घट्ट द्यायचे की हातावर घेऊन खाता यायचं. 1806 मध्ये थॉमस प्रीस्टली आणि जोसेफ सेफ्टन ही दोन पोरं इथून पळून थेट लंडनला गेली, पकडली गेल्यावर मॅजिस्ट्रेटपुढे त्यांनी जबाब दिले, त्यातल्या थॉमसचं बोट मशीनने नेलं होतं. तेच जबाब खोल्या स्वच्छ असायच्या हेपण सांगतात. ग्रेगने मुलांसाठी डॉक्टर ठेवला होता आणि त्या काळच्या इतर मालकांपेक्षा तो बरा मानला जायचा हे खरं आहे, पण बऱ्या मालकाकडे ही अवस्था तर बाकीच्यांकडे काय असेल, हा विचार काही केल्या जात नाही. ग्रेग घराण्याचा कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर गुलामांच्या कष्टावर चालणारा मळा होता, आणि पुढे गिरण्यांना लागणारा कापूस मुख्यतः अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेला असायचा. या गोष्टी डोक्यात ठेवूनच मशिनं बघा.

आपल्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. हे सगळं सुरू होण्याआधी इंग्लंडमध्ये भारतातल्या छापील सुती कापडाचं वेड होतं, इतकं की तिथल्या लोकर आणि रेशीमवाल्यांच्या दबावामुळे 1700 आणि 1721 मध्ये कायदे करून ते अडवावं लागलं. तसं कापड स्वतः बनवायच्या खटपटीतूनच ही यंत्रं आली. पुढे यंत्राचं स्वस्त सूत आणि कापड आपल्याकडे येऊन आपल्या विणकरांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

आता कामाचं. ॲप्रेंटिस हाऊस गाईडबरोबरच बघता येतं आणि जागा मर्यादित असतात, त्यामुळे पोचल्या पोचल्या आधी तिथली वेळ घ्या. पाण्याचं मोठं लोखंडी चाक आणि कुठली मशिनं त्या दिवशी चालू आहेत ते गेटवरच विचारा. तान्हं बाळ बरोबर असेल तर लूमच्या हॉलमध्ये फार वेळ थांबू नका. स्टायल स्टेशनवर गाड्या कमी थांबतात, जवळच्या विल्मस्लो स्टेशनहून टॅक्सी सोपी. एका टूरवाल्याने (नाव घेत नाही) आम्हाला 'इंडस्ट्रियल मँचेस्टर' म्हणून बसच्या खिडकीतून दोन इमारती दाखवल्या होत्या, तसल्या टूरवर पैसे घालवू नका, स्वतः जा. दुकानात तिथल्याच लूमवर विणलेलं कापड मिळतं, जाड आणि टिकाऊ आहे, ओटा पुसायला घेतलं तर वर्षानुवर्षं जाईल. माझ्याकडून पाचपैकी पाच.