स्कॅरब करायचा: फायान्सचा की स्टीटाइटचा?

स्कॅरब म्हणजे भुंगेऱ्याच्या आकाराचा ताईत. प्राचीन इजिप्तच्या ताइतांची प्रतिकृती करणारे बहुधा या प्रश्नापाशी अडतात.

साहित्य: फायान्स म्हणजे चिकणमाती नव्हे. त्यात मुख्यतः दळलेलं क्वार्ट्झ, थोडा चुना, नेट्रॉन (नैसर्गिक सोड्याचा क्षार) किंवा वनस्पतींची राख आणि निळ्या-हिरव्या रंगासाठी तांब्याचं संयुग. स्टीटाइट म्हणजे आपला संगजिऱ्याचा दगड, नखानेही ओरखडणारा.

घडवणं: फायान्सचा लगदा भुरभुरीत, साच्यात दाबायला ठीक, बारीक कोरीवकामाला त्रासदायक. सुकताना क्षार पृष्ठभागावर येतात आणि भट्टीत, साधारण ८०० ते १००० अंशांना, त्यांचीच झिलई होते. सुकत असताना बोट लागलं की क्षारांचा थर निघतो, तिथे डाग राहतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं. स्टीटाइटवर चित्रलिपी सुरेख कोरता येते, पण प्रत्येक नग वेगळा कोरावा लागतो.

टिकाऊपणा: भाजलेलं स्टीटाइट एन्स्टेटाइट हे खनिज बनून चांगलंच कठीण होतं. फायान्स आतून सच्छिद्र, पडलं की तुटतं.

धूळ दोन्हींची वाईट, क्वार्ट्झची जास्त. मास्क हवाच.

डझनभर जेद (खांबाच्या आकाराचे) किंवा उजात (होरसच्या डोळ्याचे) ताईत हवे असतील तर फायान्स. नाव कोरलेला एकच स्कॅरब हवा तर स्टीटाइट. ममीच्या छातीवर ठेवायच्या हृदय-स्कॅरबसाठी मात्र ‘मृतांच्या ग्रंथा’तला (मृतासोबत ठेवायच्या मंत्रांच्या संग्रहातला) मंत्र ३०ब हिरवा दगड सांगतो, फायान्सचेही सापडतात, ती तेव्हाचीच तडजोड.