डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत सी३ दर्जाचे सिंथेटिक ऑइल: १४ महिन्यांचा अनुभव

माझी गाडी दीड लिटरचे टर्बो डिझेल इंजिन असलेली, बीएस-६ प्रदूषण नियमांनुसार बनलेली आहे. गेले १४ महिने, म्हणजे जवळपास १४,८०० किलोमीटर, मी तिच्यात ५डब्ल्यू-३० ग्रेडचे (ग्रेड म्हणजे दाटपणाचा क्रमांक) आणि एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या सी३ दर्जाचे सिंथेटिक ऑइल वापरते आहे. पहिले ऑइल ७,५०० किलोमीटरला बदलले, दुसरे आता बदलायला आले आहे. या काळात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे घेतले आणि त्यांच्यात मला फरक जाणवला नाही, म्हणून इथे कंपनीऐवजी डब्याच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेल्या दर्जाबद्दल लिहिते.

त्या बारीक अक्षरांकडे माझे लक्ष गेले ते एका चुकीमुळे. वॉरंटी संपल्यावर मी परभणीतल्याच एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करून घेतली. तिथे बॅरलमधले १५डब्ल्यू-४० ऑइल टाकले गेले. मी विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ताई, डिझेलला हेच चालतंय, ट्रकलासुद्धा हेच टाकतो आपण." त्यांच्या मनात खोट नव्हती. माझ्या वडिलांच्या जुन्या डिझेल जीपमध्ये असेच ऑइल वर्षानुवर्षे पडत होते आणि ती जीप कधी रुसली नाही. त्यामुळे मलाही ते पटले. तीनेक हजार किलोमीटर झाल्यावर सहज बिल हातात आले, त्यावर सीआय-४ प्लस, म्हणजे ट्रकसारख्या जड डिझेल इंजिनांसाठीचा अमेरिकी दर्जा, लिहिलेला दिसला आणि गाडीच्या पुस्तिकेत मात्र सी२ किंवा सी३ याखेरीज तिसरा पर्याय नव्हता. त्याच आठवड्यात ते ऑइल काढून टाकले.

जीप आणि ही गाडी यांत फरक आहे तो डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल कारमध्ये ही गाळणी सर्रास आली. तिच्यात साठलेली काजळी गाडी स्वतःच सुमारे ६०० अंश तापमानाला जाळून टाकते. परंतु इंजिन ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्ताची संयुगे मिसळलेली असतात; ती इंजिन स्वच्छ ठेवतात, आम्ल मारतात आणि झीज थांबवतात. प्रत्येक इंजिन थोडे तरी ऑइल जाळतेच, आणि त्यासोबत या संयुगांची राख होऊन गाळणीत जाऊन बसते. काजळी जळते, राख जळत नाही. चुलीतली राख आपण रोज उपसतो, इथे ती उपसण्यासाठी अख्खी गाळणी उतरवावी लागते आणि नवी बसवायची झाल्यास खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. सी३ दर्जात सल्फेटेड ॲशचे, म्हणजे ऑइल जळल्यावर उरणाऱ्या राखेचे, प्रमाण ०.८ टक्क्याहून अधिक असू शकत नाही. सीआय-४ वर्गात अशी मर्यादाच नाही आणि ट्रकसाठीच्या बऱ्याच ऑइलमध्ये ते त्याच्या दीडपट किंवा जास्त असते. राख कमी म्हणजे आम्ल मारण्याची ताकदही थोडी कमी, हे खरे आहे, पण बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंतच, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग, असल्यामुळे तेवढ्या ताकदीची गरजही राहिलेली नाही.

डब्याच्या पुढच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या "फुल्ली सिंथेटिक" या शब्दांवर मी आता निर्णय घेत नाही. बाजारातले पुष्कळसे सिंथेटिक ऑइल खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून बनवलेले असते, ज्याला ग्रुप ३ म्हणतात. प्रयोगशाळेत घडवलेल्या ग्रुप ४ तेलालाही तेच नाव. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात याच मुद्द्यावर वाद झाला होता आणि ग्रुप ३ ला सिंथेटिक म्हणण्यास मुभा मिळाली. ग्रुप ३ वाईट नाही, माझ्या मते रोजच्या गाडीला ते पुरेसे आहे; मात्र सिंथेटिक असूनही राख जास्त असलेले ऑइल मिळते, आणि आपल्या गाळणीला घातक आहे ती राख.

ग्रेडबद्दल मला सर्वांत जास्त सल्ले मिळाले. मराठवाड्यातल्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात ३० पातळ पडेल, ४० टाका, असे अनेकांनी आपुलकीने सांगितले. पण बाहेर २५ अंश असो वा ४३, गरम झालेल्या इंजिनातले ऑइल शंभर अंशांच्या आसपासच राहते, कारण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर त्यासाठीच असतात. आणि ३० हा आकडा त्या १०० अंशांच्या दाटपणाचाच आहे. म्हणून जाडी वाढवण्याऐवजी मी पुस्तिकेने दिलेल्या दोन दर्जांपैकी सी३ निवडला. १५० अंशांवर, घर्षणाच्या ताणाखाली मोजलेला त्याचा दाटपणा किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावा लागतो, सी२ मध्ये २.९ चालतो. मे महिन्यात एसी चालू, पाच माणसे आणि सामान घेऊन मंठ्याच्या रस्त्याने जालना गाठायचे आणि पुढे समृद्धी महामार्गाला लागायचे, तर ती जास्तीची जाड फिल्म मला हवी होती. राहिला ५डब्ल्यू, म्हणजे थंडीतल्या दाटपणाचा आकडा; तो जितका लहान, तितके ऑइल गारव्यात पातळ. परभणीचा पारा हिवाळ्यात एक आकडी होतो खरा, पण तेवढ्या थंडीत १५डब्ल्यूवरही गाडी सुरू होतेच. फायदा पहिल्या काही सेकंदांचा आहे: मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोपर्यंत पातळ ऑइल लवकर पोहोचते. जानेवारीतल्या सकाळी सुरू करतानाची खडखड पूर्वीपेक्षा लवकर शांत होते, हे मी रोज ऐकले आहे.

ॲव्हरेजमध्ये फरक पडला नाही. शहरात १४, लांबच्या रस्त्यावर २० ते २१, आधीही तेच होते. ऑइल चारपाचशे किलोमीटरमध्येच काळे झाले; डिझेल इंजिनात ते होणारच, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे, आणि निव्वळ रंग पाहून बदलायला सांगणाऱ्यांचे ऐकू नये.

एक गोष्ट मात्र चांगले ऑइल टाकूनही घडली. पावसाळ्यात दीड महिना गाडी फक्त घर ते कॉलेज, चार किलोमीटर, एवढीच धावली. डीपीएफचा दिवा लागला. सकाळी गार इंजिनात डिपस्टिक काढून सुती फडक्याने पुसली, पुन्हा घातली, तर पातळी वरच्या खुणेच्याही तीन-चार मिलिमीटर वर होती. थेंब बोटांवर चोळला तेव्हा डिझेलचा स्पष्ट वास आला. टिपकागदावर एक थेंब ठेवला. मधला डाग काळा आणि भोवती फिकट, तेलकट कडे पसरत गेले. काजळी जाळण्यासाठी गाडी ज्यादा डिझेल फवारते, आणि फेरी लहान असल्यामुळे ते काम अर्धवट राहिले की त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. अशा पातळ झालेल्या ऑइलमध्ये सी३ चा ३.५ कुठून राहणार? मी ते ऑइल लगेच बदलले. पहिले ऑइल ७,५०० ला बदलले म्हणून वर लिहिले आहे, त्याचे कारण हेच, एरवी ते आणखी हजारभर चालवणार होते. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी गंगाखेड, परळीमार्गे अंबाजोगाईला माहेरी जाते, निदान अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी पळवते, आणि तो दिवा पुन्हा लागलेला नाही. पातळीही दोन खुणांच्या मध्ये स्थिर आहे, वरून ऑइल घालावे लागलेले नाही.

गाळणीतली राख कमी साठली का, हे १४ महिन्यांत दिसणारे नाही. तो हिशेब लाख-दीड लाख किलोमीटरचा आहे. दिवा विझला तो लांब फेऱ्यांमुळे, ऑइलमुळे नव्हे.

खरेदीबाबत थोडेसे. जवळपास पाच लिटर ऑइल आणि फिल्टर मिळून मला सव्वातीन हजारांच्या पुढे खर्च आला, बॅरलमधल्या ऑइलच्या दुपटीहून थोडा जास्त. डबा पक्क्या बिलावर घेते, सील माझ्यासमोर तोडायला सांगते आणि रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी स्क्रूड्रायव्हरने भोसकते, म्हणजे त्यात पुन्हा काही भरून विकता येणार नाही. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा टाकून घ्यावा. तो विसरला गेल्यामुळे एकदा माझ्या अंगणातल्या फरशीवर रुपयाएवढा डाग पडला होता.

पुढची बदली याच महिन्यात आहे. या वेळी त्याच जुन्या मिस्त्रींकडे जाणार आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतः डबा उलटा करून सी३ आहे का ते पाहिले आणि मगच दिवस ठरवला.