ड्रायरची मोटार जळाली म्हणून ३,८०० रुपये घेतले, मोटार जुनीच निघाली

गेल्या महिन्यात आमच्या सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरेनासा झाला आणि दुरुस्तीच्या नावाखाली एका माणसाने माझ्याकडून ३,८०० रुपये उकळले. आमच्याकडे जुळे सोलापुरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते, त्यामुळे पाणी आले की साठलेले सगळे कपडे एकदम काढावे लागतात. त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्या चादरी वेगळ्या. ओली सोलापुरी चादर ज्याने हाताने पिळली आहे, त्याला माझी घाई कळेल. त्या घाईत मी इंटरनेटवर कंपनीच्या नावाने शोधून जो पहिला क्रमांक दिसला तो लावला. चूक माझीच, पण त्या पानावर कंपनीचे बोधचिन्ह होते, फोनवरच्या मुलीने तक्रार क्रमांक दिला आणि आलेल्या तरुणाच्या गळ्यात ओळखपत्रही होते. कंपनीचा क्रमांक वॉरंटी कार्डावरूनच घ्या.

भेटीचे ३५० रुपये त्याने आल्याआल्याच घेतले. ड्रायर लावला तेव्हा आतून नुसता घुमल्यासारखा आवाज येत होता, टब जागचा हलत नव्हता. झाकणाचा स्विच दाबून धरून त्याने टबला हाताने झटका दिला, आणि टब गरगर फिरू लागला. मी शेजारीच उभी होते. त्याने लगेच टायमर बंद केला आणि म्हणाला, "मोटार जळाली आहे काकू, बदलावी लागेल." जळालेली मोटार फिरली कशी, हा एवढा साधा प्रश्न मला त्या क्षणी सुचला नाही, आणि तो टब आजही माझ्या डोळ्यांसमोर फिरतो. मोटार घुमते, स्वतःहून सुरू होत नाही, पण ढकलल्यावर फिरते, तेव्हा दोष बहुधा कपॅसिटरचा, म्हणजे मोटारीला सुरुवातीचा जोर देणाऱ्या छोट्या भागाचा असतो, हे मला नंतर कळले. (तुम्ही मात्र हात घालून पाहू नका, बोटे जातील.)

त्याने १,८०० रुपये आगाऊ घेतले, दोन तासांनी एक खोके घेऊन आला, मशीन मागच्या गॅलरीत नेऊन उघडले आणि उरलेले १,६५० रुपये घेतले. सासूबाईंनी हाक मारली म्हणून मी आत गेले होते. रुग्ण घरात असताना मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहता येत नाही. पैसे कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यात गेले, आणि बिल म्हणून साध्या कागदाची चिठ्ठी मिळाली. काढलेला भाग तिथल्या तिथे मागून घ्या.

अकराव्या दिवशी ड्रायर पुन्हा थांबला आणि तो फोन बंद लागला. मग गल्लीतल्या मिस्त्रींनी मागचे झाकण उघडून मला बोलावले. टबाच्या गळक्या सीलमधून साबणाचे पाणी झिरपून मोटारीवर तांबूस ओघळ उतरला होता, तो थेट स्क्रूच्या डोक्यापर्यंत अखंड होता. ते स्क्रू कधी उघडलेच गेले नव्हते. नवा होता तो फक्त कपॅसिटर, आणि त्याच्या वायरचा जोड टेप सुटून लोंबत होता. "वहिनी, हा १८० रुपयांना मिळतो," ते म्हणाले आणि जोडाचे १०० रुपये घेऊन गेले.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की हा ऑनलाइन प्रकार आहे, दुसऱ्या कार्यालयात जा. तिथे सांगितले, माणूस घरी आला होता, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, तेव्हा ठाण्यातच जा. बँकेने व्यवहार तुमच्याच पिनने झाला म्हणून हात वर केले, आणि कंपनीने तो आमचा माणूस नाही एवढे एक वाक्य ऐकवले. तीन दिवसांची रजा आणि रिक्षाचे ४२० रुपये यात गेले, आणि प्रत्येक टेबलावर "तुम्ही चौकशी का केली नाही?" हा एकच प्रश्न मला विचारला गेला, बनावट क्रमांक उघडपणे झळकतो आहे, त्याची चौकशी कोण करणार, याचे उत्तर एकाही टेबलाकडे नव्हते. ऑनलाइन पैसे गेल्यावर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, मी बारा दिवस घालवले. सेवेबद्दलची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. मी ती नोंदवली आहे.

मोटारीवरच्या त्या ओघळाचा फोटो मी पोलिसांकडच्या अर्जाला जोडला आहे. त्या अर्जाची पोच अजून मिळालेली नाही.