लॅमिंग्टन रोडवर होम थिएटर: काय घ्यावं, काय तिथे घेऊ नये

मुंबईत होम थिएटरच्या खरेदीचा विषय निघाला की पहिलं नाव येतं लॅमिंग्टन रोडचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडी मात्र जुनंच नाव. ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं. फास्ट लोकल तिथे थांबत नाही, आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

वायर, प्लग, ब्रॅकेट आणि जोडणीच्या बारीकसारीक सामानासाठी हा बाजार उत्तम. रिसीव्हरसाठी, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटणाऱ्या ॲम्प्लिफायरसाठी, चांगला. स्पीकर ऐकून पसंत करायला मात्र अजिबात नाही. अरुंद दुकान, छतापर्यंत रचलेले खोके, बाहेर हॉर्न. अशा जागी कुठलाही स्पीकर फक्त मोठा की लहान एवढंच कळतं. त्यासाठी वेळ ठरवून एखाद्या डेमो रूममध्ये जा आणि स्फोटांचे प्रसंग लावू देऊ नका. हळू आवाजातले संवाद ऐका. तेच शब्द स्पष्ट येत नसतील तर घरी पंखा चालू असताना तर काहीच कळणार नाही.

या बाजारात जाण्याआधी घरी एक काम पुरं करा: हॉलचा मापासकट नकाशा. दुकानदार सामान ओळखतो, तुमची भिंत ओळखत नाही. नकाशाशिवाय गेलेला माणूस हमखास वायर कमी आणि वॉट जास्त घेऊन येतो.

उदाहरणादाखल १० बाय १६ फुटांचा हॉल घेऊ. टीव्ही एका लांब भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, डोळ्यांपासून पडदा साधारण ८ फूट. या अंतरावर ६५ इंची टीव्ही नजरेच्या सुमारे ३३ अंशांत बसतो, ७५ इंची ३८ अंशांत. सिनेमासाठी ३० ते ४० अंश हवेत, म्हणजे दोन्ही चालतील. पुढचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या मध्यरेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर यायला हवेत, म्हणजे दोघांमध्ये साडेसहा ते नऊ फूट. इथे पहिली चूक होते. सुतार टीव्ही युनिट पाच-सहा फुटांचं करतो, स्पीकर त्याच्या खणांत कोंबले जातात, आणि सगळा आवाज टीव्हीच्या मागून आल्यासारखा वाटतो. त्याच युनिटची खोली बहुधा १२ इंच असते. रिसीव्हर स्वतःच १३-१४ इंच खोल असतो आणि मागे वायरींना तीन-चार इंच लागतात. म्हणून खण १८ इंच खोल, मागून उघडा आणि वर हवेला जागा ठेवणारा हवा. दार लावून बंद केलेल्या खणात रिसीव्हर तापतो आणि मध्येच बंद पडतो.

मागच्या स्पीकरचा प्रश्न मुंबईतल्या हॉलमध्ये सगळ्यात अवघड. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त बासचा स्पीकर) अशा मांडणीत, ते समोरच्या दिशेपासून ११० ते १२० अंशांवर असावेत, पण सोफा भिंतीला टेकलेला असल्यामुळे मागे जागाच नाही. एका बाजूला पॅसेज असतो, म्हणजे तिकडची भिंतही नाही. यावर उपाय असा: स्पीकर सोफ्यामागच्या भिंतीवरच, पण मधल्या माणसापासून दोन्हीकडे चार-चार फूट लांब लावा. कोन ११० च्या आसपास येतो. उंची जमिनीपासून साडेचार-पाच फूट, म्हणजे बसल्यावर कानाच्या थोडी वर. डोक्याच्या बरोबर मागे, एक फुटावर लावलेला स्पीकर फक्त त्रास देतो.

आता वायर. वरच्या हॉलमध्ये रिसीव्हरपासून मागच्या एका स्पीकरपर्यंत छताच्या कडेने नेलं तर सुमारे ३४ फूट लागतात: ७ वर, ८ कोपऱ्यापर्यंत, १० आडवे, ४ परत आत, ५ खाली. दोन्हींचे ६८, पुढच्या तिघांचे (बाजूचे दोन आणि टीव्हीजवळचा मधला) २०, वर थोडी सूट. ३० मीटर घ्या. ६ किंवा ८ ओहमच्या (हा स्पीकरच्या रोधाचा आकडा) स्पीकरला १६ गेज पुरते, ४ ओहमच्या स्पीकरला १४ गेज घ्या. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. दुकानदार दोन्ही बाजूंची वायर सारख्याच लांबीची ठेवायला सांगेल. त्याची काही गरज नाही, दहा-पंधरा फुटांच्या फरकाने कानाला काही कळत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. स्वस्त वायरीत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. त्याच जाडीला त्याचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असतो, आणि पाच-सहा वेळा वाकवलं की तार तुटते. ब्लेडने एक तार खरवडून पाहा: आतून पांढरी निघाली तर परत द्या. वरून चंदेरी आणि आतून लाल असेल तर ते कथील चढवलेलं तांबं, ते चांगलं. भरलेलं बंडल हातात घेतल्यावर खेळण्यासारखं हलकं लागलं तरी आत ॲल्युमिनियम आहे असं समजावं. पारखून घेतलं तर या रस्त्यावर अस्सल तांब्याची वायर मीटरवर मिळते, हे इथलं मोठं सुख.

एचडीएमआय केबल घेताना सेकंदाला ४८ गिगाबिटची असेल तर खोक्यावरचं स्कॅन करता येणारं लेबल तपासा. साधी तांब्याची केबल पाच मीटरपुढे नेऊ नका. चित्र अधूनमधून काळं पडू लागतं आणि दोष टीव्हीला दिला जातो. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर लागणार असतील तर ऑप्टिकल (प्रकाशतंतूची) एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, उलटी टाकली तर चालत नाही, म्हणून भिंतीत जाण्याआधी जोडून पाहा. भिंतीतला पाइप २५ मिमीचा घेतला तर वळणावर प्लग अडकतो. ३२ मिमी किंवा मोठा घ्या, आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा.

रिसीव्हरवरचे वॉट वाचायची पद्धत आहे. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू’ या अटीवरचा आकडा खरा. १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) किंवा पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलेला आकडा सोडून द्या. मागे २२०-२४० व्होल्ट छापलंय का पाहा. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा माल इथल्या सॉकेटला लावला तर जळतो. ‘बिलाशिवाय थोडं कमी’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. सीरियल नंबर लिहिलेल्या पक्क्या बिलाशिवाय वॉरंटी मागता येत नाही. टीव्हीवर ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या एआरसीची सुधारित आवृत्ती) असेल तर रिसीव्हरलाही असावं. साध्या एआरसीवरून ओटीटीचं ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा डॉल्बीचा आवाज) येतं, पण ब्लू-रेचं ट्रूएचडी (डॉल्बीचा दर्जा न घटवलेला आवाज) येत नाही. फक्त आवाजाच्या ऑप्टिकल वायरीतून (वरची ऑप्टिकल एचडीएमआय वेगळी) ॲटमॉस येतच नाही.

स्थानिक जुळणीचे ‘५.१’ खोके टाळा. ज्यांना फक्त आरसीए सॉकेट (लाल-पांढऱ्या पिनांचे) आहेत आणि आत डीकोडर (प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा काढणारा भाग) नाही, ते दोन चॅनलचाच आवाज पाच ठिकाणी वाटतात.

दुकानातून जोडायला माणूस येतो तेव्हा त्याला दोन गोष्टी आधीच सांगा. ब्रॅकेटचे स्क्रू पीओपीच्या शीटमध्ये बसत नाहीत, मागे प्लाय किंवा सिमेंटची भिंत लागते. आणि रिसीव्हरसोबतचा, खोलीतला आवाज मोजणारा माइक सोफ्याच्या गादीवर न ठेवता कॅमेऱ्याच्या स्टँडवर, कानाच्या उंचीला ठेवायचा. पंखा, एसी बंद. मोजणी झाली की सगळे लहान स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झ आहे का ते पाहा.

सबवूफर शेजाऱ्याच्या बेडरूमला लागून असलेल्या भिंतीजवळ नको. खालचा रबर स्लॅबमधून जाणारी थरथर थोडी कमी करतो, हवेतून जाणारा बास अडवत नाही. म्हणून सबवूफर सोफ्याजवळ ठेवून त्याची पातळी खाली ठेवा आणि रात्री रिसीव्हरचा नाइट मोड (मोठे आवाज दाबणारी सोय) लावा. सतत गुणगुण येत असेल तर सेट-टॉप बॉक्सला बाहेरून येणारी केबल काढून पाहा. थांबली तर दोष अर्थिंगच्या लूपचा आहे, रिसीव्हरचा नाही. त्यासाठीचा आयसोलेटरही (हा लूप तोडणारा भाग) याच बाजारात मिळतो.