नऊ महिने, अकरा वेळा: घरी बनवलेलं अवकाशयोद्ध्याचं चिलखत आणि त्याची डावी मांडी

सोसायटीच्या गणपतीत, शनिवारी रात्री, विविध गुणदर्शनात माझी एन्ट्री होती. धूर सोडला, निळे दिवे लागले, मी विंगेतून स्टेजवर आलो आणि तिसऱ्या पावलाला डाव्या मांडीचं कवच सुटून सरळ घोट्यावर येऊन बसलं. उजवा पाय परग्रहावरच्या शिपायाचा, डावा पाय काळ्या लेगिंगमधला माझा. पहिल्या रांगेतून बी विंगच्या आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अरे, मोजा वर घे तो!" पुढची चार मिनिटं मी स्टेजवर काय केलं ते कुणालाच आठवत नाही. मोजा मात्र सगळ्यांना आठवतो. वॉचमनलासुद्धा.

त्या रात्री घरी येऊन हे लिहायला घेतलं. चिडून घेतलं, तेव्हा सूर तसाच लागेल.

चिलखत जानेवारीत पूर्ण झालं. कुठल्या सिनेमातलं पात्र नाही, डिझाइन माझंच. सगळं ईव्हीए फोमचं, म्हणजे तापवून वळवता येणाऱ्या हलक्या, रबरासारख्या फोमचं. छाती-पाठीला १० मिमी आणि बारीक नक्षीला २ मिमी का घेतात, हे इथपर्यंत आलेल्यांना माहीत असणारच, ते परत सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की ऑनलाइन 'कॉस्प्ले फोम' (कॉस्प्ले म्हणजे एखाद्या पात्राचा वेश करून मिरवणं) म्हणून जे विकतात ते मी घेतलं नाही. चेंबूरजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बूट बनवणाऱ्यांचा माल मिळतो, तिथून शीट आणल्या. चपलेच्या तळव्याचाच फोम तो. ऑनलाइनच्या निम्म्या भावात पडला, आणि जिमच्या जिगसॉ चटईसारखी एका बाजूला खडबडीत नक्षी नसल्यानं घासत बसावं लागलं नाही. आधी मी दोन चटया आणल्या होत्या. त्या आता आई पूजेला बसताना घेते. उत्तम चालतात.

वजन सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. हेल्मेटसकट सगळं मिळून साडेचार किलो. ऐकायला काहीच नाही. तांदळाची पाच किलोची पिशवी उचलून बघा, हसू येईल. पण तीच पिशवी अंगाला चौदा ठिकाणी बांधून तीन तास फिरा आणि मग बोला.

माप घ्यायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे तीच: अंगावर स्वयंपाकघरातलं क्लिंग फिल्म, त्यावर पॅकिंग टेप, त्यावर मार्करनं रेघा, मग कापून काढायचं की झाला कागदासारखा नमुना. बायकोनं मला गुंडाळलं आणि तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला. पंचवीस मिनिटं मी हॉलमध्ये लोणच्याच्या बरणीसारखा उभा. आई बाहेरून आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता चहा टाकायला गेली. इथे एक चूक झाली ती लिहून ठेवा. नमुना अंगालगत घेतला, पण फोम १० मिमी जाड आणि आत लेगिंग. गोल वळवला की आतलं माप कमी होतं. दंड आणि पोटरी दोन्ही पहिल्या खेपेला घट्ट झाले. बाहीच्या घेरात मी आता सरळ सहा सेंटीमीटर वाढवून कापतो.

हीट गनबद्दल, म्हणजे फोम तापवायच्या गरम हवेच्या यंत्राबद्दल, थोडक्यात: मी घेतलेली एकोणिसाव्या दिवशी मेली. विक्रेत्यानं व्हिडिओ मागितला, मग बिलाचा फोटो, मग बिल हातात धरून माझा फोटो. शेवटी म्हणाले, 'व्यावसायिक वापर' झालाय, वॉरंटी लागू नाही. अहो, मी बँकेत नोकरी करतो. नाव लिहीत नाही, पण दुसरी हीट गन मी समोरासमोर, हार्डवेअरच्या दुकानातून, दुकानदाराच्या डोळ्यांत बघून घेतली. अजून चालू आहे.

हेल्मेटचं सगळे विचारतात. ठीक आहे हो हेल्मेट. काच म्हणजे बाईकच्या हेल्मेटचा गडद व्हायझर कापून बसवलाय. मला चष्मा आहे, त्यामुळे दोन काचांवर धुकं धरतं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब कोरड्या फडक्यानं पुसून घेतला की तासभर बरं दिसतं. आत ४० मिमीचा पाच व्होल्टचा पंखा लावला, पॉवर बँकेवर. तो दर अर्ध्या मिनिटानं बंद पडायचा. दोन पंखे बदलले, मग कळलं की पंखा ठणठणीत आहे. इतका कमी करंट ओढला जातो की पॉवर बँकेला वाटतं फोन काढून घेतला, आणि ती झोपते. दुसरा पंखा आणि निळी एलईडी पट्टी त्याच वायरीवर टाकली, तेव्हा जागी राहायला लागली. दिवे दिसायला छान वाटतात म्हणून लोक फोटो काढतात. ते दिवे पॉवर बँकेला चिमटा काढायला आहेत. खालचं मात्र काही दिसत नाही. जिन्यावर भाचा पुढे असतो आणि "मामा, पायरी! मामा, अजून एक!" असं ओरडत जातो.

आता मांडीकडे येतो. अर्धी रात्र मी तिच्यासाठीच जागलोय.

मांडी वर रुंद, खाली निमुळती. म्हणजे उलटा शंकू. त्यावर नळीसारखं कवच चढवलं की ते खालीच जाणार, यात फोमचा, रंगाचा, माझा कुणाचा दोष नाही. पण यावर कुणी बोलत नाही. शंभर व्हिडिओ बघितले असतील. छाती कशी कापायची यावर पाऊण तास, आणि पट्ट्यांची वेळ आली की 'आता स्ट्रॅप लावून घ्या' म्हणून पुढे. लावून घ्या! जणू कॅलेंडरच आहे भिंतीवरचं.

पहिला उपाय इलॅस्टिक. कवचाच्या आत मांडीभोवती रुंद इलॅस्टिक आवळलं. फेब्रुवारीत, २८ तारखेच्या विज्ञान दिनाला, भाच्याच्या शाळेत गेलो होतो. तासाभरात पायाला मुंग्या, दीड तासात कवच गुडघ्यावर, आणि मुख्याध्यापकांच्या भाषणात मी एका हातानं मांडी धरून उभा. मुलांना वाटलं तीच ॲक्शन आहे. दुसरा उपाय वेल्क्रो, चिकटवायची. घाम आल्यावर तिचा गोंद लेगिंगवर राहिला आणि वेल्क्रो कवचावर. तिसरा उपाय, जो बरोबर होता असं मला अजून वाटतं, तो म्हणजे कमरेच्या पट्ट्यापासून दोन नवाऱ्या खाली सोडायच्या आणि कवच त्यांना टांगायचं. ते जमलं. पण घाईत होतो म्हणून नवारीची टोकं ग्लू गननं, म्हणजे वितळवलेल्या गोंदानं, चिकटवली. एप्रिलमध्ये एका मेळाव्याला जाताना गाडी दोन तास उन्हात लावली, चिलखत मागच्या सीटवर. बंद गाडीत आतला गरमपणा सांगायला नको. दार उघडलं तर ग्लूला एकतारी पाकासारख्या तारा सुटत होत्या.

मग फेविकॉल एसआर ९९८ नं चिकटवलं, म्हणजे चांभार वापरतात तसल्या रबरी सोल्युशननं. फोमला फोम जोडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, छातीची एकही शिवण नऊ महिन्यांत उसवली नाही. तेच नवारीला लावलं आणि गणपतीत ते सुटलं. सुटलं म्हणजे कसं ते घरी आल्यावर नीट बघितलं. गोंद सुटलाच नव्हता. नवारीला गोंद होता, गोंदाला फोमचा पापुद्रा होता, आणि कवचात त्या पापुद्र्याच्या जागी खड्डा होता. भाकरीचा पापुद्रा निघतो तसा.

तर माझं मत: ईव्हीए भार सहन करत नाही, जिथे ओढ आहे तिथे हा फोम वापरायचा नाही, आणि मांडीसाठी तरी मी प्लास्टिकच घेणार.

—

वरचं सगळं गणपतीच्या रात्री लिहून ठेवलं होतं. आता दिवाळी तोंडावर आहे, आणि शेवटचं वाक्य मागे घेतो.

झालं असं की आईची चप्पल तुटली म्हणून ठाणे स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांकडे गेलो. पिशवीत मांडीचं कवच होतं, सहज दाखवलं. त्यांनी उलटसुलट फिरवून बघितलं आणि विचारलं, "भाऊ, ही चप्पल कुठल्या पायाची?" सांगितलं. नवारीच्या जागचा खड्डा अंगठ्यानं दाबून बघत म्हणाले, "हे चिकटवायचं काम नाय. शिवायचं काम आहे."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी उभं राहून पाहिलं. आधी आतली बाजू पॉलिश पेपरनं खरवडली. रेक्झिनचा तळहाताएवढा तुकडा कापला, कडा गोल केल्या. दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात, मग सुकायला ठेवून मधेच बोट लावून बघत होते. बोटाला चिकटेना झालं तेव्हा दुसरा हात. (मी ओलं असतानाच दाबायचो. सगळं चिलखत मी तसंच जोडलंय, टिकलं हे नशीब.) रेक्झिन बसवून हातोडीनं ठोकलं. नवार त्या रेक्झिनला आधीच आरीनं चौकोनात शिवून घेतली होती, मधे फुली. वर दोन रिबिटं आरपार, बाहेरच्या बाजूला वायसर. म्हणजे आता ओढ एका टीचभर पट्टीवर येत नाही, तळहातभर पसरते आणि फोम दोन्ही बाजूंनी धरलेला राहतो. बाहेरून रिबिट दिसतं. मी त्याला चंदेरी रंग द्यायचं ठरवलं होतं, पण आधीच चंदेरी आहे.

दोन्ही मांड्यांचे दीडशे रुपये घेतले. माझ्या वहीत या चिलखतावर ९,४६० रुपये खर्च लिहिलाय, त्यातला सगळ्यात वसूल झालेला आकडा हा. सगळ्यात वाया गेलेला कुठला ते सांगत नाही. बायकोही हे वाचते.

म्हणजे दोष फोमचा नव्हता. मी त्याला चिकटवायची वस्तू समजत होतो. घरी येऊन हे सांगितलं तर आई मशीनवर ब्लाउजचे हुक बदलत होती, म्हणाली, "मग? कपडाच आहे ना तो." खरं आहे. १९६९ मध्ये चंद्रावर जे सूट गेले ते बनवणारी इंटरनॅशनल लेटेक्स कॉर्पोरेशन ही प्लेटेक्स नावानं ब्रा आणि गर्डल विकणारी कंपनी, आणि ते सूट शिलाई मशीनवर बसून बायकांनी शिवले. हे मी पूर्वी वाचलं होतं, गंमत म्हणून मित्रांना ऐकवलंही होतं. माझ्या घरात मशीन असताना मी ग्लू गन घेऊन बसलो होतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आपल्याकडच्या जुन्या चार-आईना चिलखतात तरी काय आहे? छाती, पाठ आणि दोन कुशी अशा चार पत्र्यांना धरून ठेवतात ते चामड्याचे पट्टे. संग्रहालयात मी दरवेळी पत्र्यावरची नक्षी बघून पुढे जायचो.

पण मांडी टिकली आणि पट्टा घसरायला लागला. दोन्ही मांड्यांचं वजन आता कमरेवर, आणि माझी कमर म्हणजे सरळ खांब, कुठे अडकायला जागाच नाही. नवरात्रात भोंडल्याला बिल्डिंगच्या मुलींनी मला मधे उभं केलं, तेव्हा दर गाण्याला पट्टा बोटभर खाली. यावर आईनंच उपाय काढला: गॅलिस. आजोबांच्या पँटला असायचे तसे, पाठीवर फुली, छातीच्या कवचाच्या आतून. नवार तीच, बॅगेची बकलं तीन जोड्या. आता सगळा भार खांद्यावर येतो आणि मांडी जागची हलत नाही. कोजागरीला गच्चीवर अडीच तास घातलं होतं, एकदाही हात लावला नाही. किंमत एकच: बाथरूमला जायचं झालं तर काढून-घालून बावीस मिनिटं. कोजागरीला मसाला दूध मी एकच कप घेतलं.

रंगाबद्दलही मत बदललंय, तेवढं लिहून टाकतो. प्लास्टी डिप (रंगाआधी मारायचा रबरी थराचा स्प्रे) महाग म्हणून मी साधा पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून सहा हात दिले होते आणि वर ॲक्रिलिक. मार्चपर्यंत कोपरात आणि गुडघ्यामागे तडे गेले, तेव्हा फार हळहळलो होतो. आता त्या तड्यांत धूळ बसून ते अस्सल जुनं वाटतं. मेळाव्यात एका मुलानं 'वेदरिंग कसं केलंत' म्हणून खूप आदरानं विचारलं. मी म्हणालो, वेळ लागतो. वाकणाऱ्या जागी मात्र पुढच्या वेळी फेविकॉल देणार नाही. पावसाळ्यात फोमला काही झालं नाही, आतल्या सुती अस्तराला बुरशी धरली. अस्तर काढता येईल असं लावा. मी चिकटवलं होतं. अर्थात.

आणि चालताना दोन मांड्या एकमेकींना घासून चुईचुई आवाज येतो, त्यावर टाल्कम पावडर. शत्रूच्या तळावर मी दबक्या पावलांनी कधीच शिरू शकणार नाही, पण वास छान येतो.

परवा लिफ्टमध्ये बी विंगच्या आजी भेटल्या. मी साध्या शर्ट-पँटमध्ये, हातात दुधाची पिशवी. त्यांनी आधी माझ्या पायाकडे बघितलं.