गोव्यात महिनाभर काम करायचंय: कॅफे बरा की होमस्टेची खोली?

"लॅपटॉप घेऊन गोव्याला चाललोय, एखादा चांगला कॅफे सुचव" असा मेसेज आला की मी उलट एकच विचारतो: दिवसाला कॉल किती असतात? उत्तर "एखादा" असेल तर कॅफे. "तीन-चार, आणि बोलायचं मलाच असतं" असं असेल तर आधी खोली बघ, कॅफेचं नंतर पाहू. वायफायचा वेग, कॉफीची चव, खिडकीतून दिसणारी मांडवी हे सगळं त्यानंतर.

एक खुलासा आधीच. पणजीत 'कॅफे' या पाटीमागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कॅफे भोसले, कॅफे टाटो ही भाजी-पाव आणि चहाची ठिकाणं. खायचं आणि उठायचं, मागचा माणूस खुर्चीवर डोळा ठेवून असतो. तिथे लॅपटॉप उघडायचा नसतो. पोटासाठी मात्र खुशाल रोज जा. इथे बोलतोय ते पणजीच्या जुन्या फोंताइन्हास वस्तीतल्या किंवा उत्तर गोव्यातल्या आसगाव-हणजूणकडच्या निवांत कॅफेंबद्दल, जिथे भिंतीला सॉकेट असतात आणि तासभर बसल्यावर कोणी बिल आणून ठेवत नाही.

अशा कॅफेचा खरा फायदा कॉफी नव्हे. सकाळी अंघोळ करून, बरे कपडे घालून बाहेर पडावं लागतं, हा फायदा. एकट्याने राहणाऱ्याला खोलीत चौथ्या दिवसापासून दुपार कुठली आणि संध्याकाळ कुठली ते कळेनासं होतं. लिखाण, कोडिंग, एक्सेलमधले हिशेब असली मुकी कामं कॅफेत झरझर होतात. माझी तरी होतात.

पण पैशांचा अंदाज आधी घ्या. साधी कापुचिनो दोनशेच्या आसपास धरली आणि दर दोन-अडीच तासांनी काहीतरी मागवण्याचा अलिखित नियम पाळला, तर पूर्ण दिवसाचे साडेसहाशे सहज होतात. महिन्याचे कामाचे 22 दिवस धरले तर 14,300 रुपये. एवढ्या पैशांत चांगलं टेबल आणि गॅलरी असलेली वरच्या दर्जाची खोली परवडू शकते. "खोलीचं भाडं वाचवू आणि दिवसभर कॅफेत बसू" हा बेत म्हणूनच मला कधी पटला नाही.

आणि कॉल. तुमच्या हेडफोनमुळे समोरच्याचा आवाज फक्त तुम्हाला येतो. तुमचा आवाज मात्र सगळ्या कॅफेला जातो. एकदा मी कोपऱ्यात बसून, माझ्या मते हळू आवाजात, पगाराबद्दल वरिष्ठांशी वाद घातला. कॉल संपल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी अगदी मायेने विचारलं, "मग, सोडताय का नोकरी?" तिथपासून पगार, क्लायंटचं नाव आणि पासवर्ड या तीन गोष्टी मी कॅफेत तोंडातून काढत नाही. शिवाय एकटे असाल तर बाथरूमला जाताना लॅपटॉपचं काय करायचं, हा प्रश्न रोज दोनदा पडतो.

वेळेचंही गणित आहे. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच, नेमकी जेवणाची गर्दी. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. तेव्हा कॅफेत गाण्यांचा आवाज वाढलेला असतो. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्याने कॅफेचा विचार फक्त नाश्त्यापुरता करावा.

आता खोली. ती बघूनच घ्यावी लागते, कारण फोटोत पलंग दिसतो, नेटवर्क दिसत नाही. फोनवर "वायफाय आहे का?" विचारलंत तर "आहे की!" हेच उत्तर येणार. विचारायचं ते असं: "लाईट गेल्यावर वायफायचा राउटर चालू राहतो का हो?" मालवणला मी "इन्व्हर्टर आहे का?" एवढंच विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "पंखा, लाईट सगळं चालतं." खरंच चाललं. राउटर तेवढा इन्व्हर्टरवर नव्हता, आणि पहिल्याच पावसात मी पंख्याखाली छान बसून मीटिंगमधून गायब झालो. जून ते सप्टेंबरात किनाऱ्यावर जाणार असाल तर हा प्रश्न पहिला.

दुसरी गोष्ट भिंतींची. जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची. जाड भिंतीआड मोबाइलच्या काड्या गळतात आणि पडवीत आलं की परत येतात. स्पीड टेस्ट करताना डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका, अपलोड बघा. तुमचा चेहरा आणि आवाज त्यातूनच जातो. झूमवर बऱ्या दर्जाच्या ग्रुप व्हिडिओला साधारण 2 ते 3 एमबीपीएस लागतात, नुसत्या आवाजाला त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. नेट डगमगलं की आधी कॅमेरा बंद करा.

मोबाइलचा हॉटस्पॉट हा दोन्हीकडचा राखीव खेळाडू. पण रोज दीड-दोन जीबीचा प्लॅन असेल तर तासाभराचा व्हिडिओ कॉल त्यातला जवळजवळ एक जीबी खातो. कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे मेसेजसुद्धा रखडतात. निघण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलेलं बरं.

को-वर्किंगबद्दल, म्हणजे पैसे भरून बसायच्या सामायिक ऑफिसबद्दल, थोडक्यात: कॉल भरपूर आणि खोलीचं नेट बेभरवशाचं असेल तरच. आत फोनवर बोलायला वेगळी केबिन आहे का आणि ती आधी बुक करावी लागते का, ते पास घेण्याआधी विचारा. निव्वळ शांतता हवी असेल तर पणजीत पाटोला, बसस्टँडजवळ, 1832 साली स्थापन झालेली सेंट्रल लायब्ररी आहे. लॅपटॉपचे नियम काउंटरवर विचारून घ्या, आणि तिथे फोन सायलेंटवरच ठेवा.

मी स्वतः साडेनऊ ते बारा कॅफेत आणि दुपारनंतर खोलीत काम करतो. महिन्याचे पैसे एकदम कधीच भरत नाही. आधी तीन रात्री. पहिल्या संध्याकाळी, रोजच्या मीटिंगच्या नेमक्या वेळेला, खोलीतल्या त्याच टेबलावरून मित्राला अर्धा तास व्हिडिओ कॉल लावतो. आवाज दोनदा तुटला की दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी खोली शोधायला बाहेर.